प्लांटेड टँकच्या कॅनिस्टरमध्ये कोणता मीडिया भरावा, आणि किती?

वाघोलीचं_पाणी | शनिवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. तीन फुटी प्लांटेड टँक (जिवंत झाडं लावलेला माशांचा टँक) लावून साडेतीन महिने झाले. आतून माप ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर. सॉइल (झाडांसाठीची माती), लाकूड वजा केलं तर खरं पाणी साधारण १५० लिटर. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आहे. झाडं म्हणजे पुढे मॉन्टे कार्लो, मागे रोटाला, लाकडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. मासे फार नाहीत: २० निऑन टेट्रा, ६ ओटो, शिवाय चेरी झिंगे.

फिल्टर चार ट्रेचा कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डबा, त्याच्या ट्रेंमध्ये भरतात तो मीडिया), खोक्यावर ताशी १४०० लिटर लिहिलंय. दुकानातूनच भरून मिळाला. सगळ्यात खाली बारीक पांढरा पॅड, त्यावर दोन ट्रे सिरॅमिक रिंग, एक ट्रे बायो बॉल आणि वर कार्बनची पिशवी. पहिले काही दिवस धार जोरात होती. आता उजव्या कोपऱ्यातली रोटाला हलतसुद्धा नाही, मॉन्टे कार्लोवर धूळ बसते, आणि जावा फर्नच्या पानांच्या कडांना काळं ब्रश शेवाळ धरलंय. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम).

दुकानदार म्हणतात, रिंगा काढा आणि दोन लिटर भारीतला सच्छिद्र मीडिया घाला. त्याची किंमत जवळपास निम्म्या फिल्टरएवढी होते. उपयोग होणार असेल तर घालीन. आणखी एक विचारायचं होतं. आमच्या भागात खाणींजवळ भोकाभोकांचा काळा दगड पडलेला असतो. तो फोडून, धुऊन घातला तर चालेल का?

पाणकणीस | शनिवार, सकाळी ११:२५

मीडिया विकत घेण्याआधी एक बादली घ्या. १५ लिटरची खूण करा, स्टुलावर ठेवून टँकच्या काठाच्या उंचीला आणा, आउटलेटचा पाइप तिच्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली जमिनीवर ठेवू नका. खाली ठेवली की सायफनचा जोर मिळतो आणि आकडा फुगतो. १५ लिटर ६० सेकंदांत भरले तर ताशी ९०० लिटर. हा आकडा आधी द्या, मग बोलू.

तुमची टेस्ट वाचून मला तरी जिवाणू कमी पडल्याचं कुठे दिसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असताना आणखी बायो मीडिया (जिवाणूंना राहायला जागा देणारा मीडिया) कशासाठी? धूळ बसणं, कोपरा थांबणं, ब्रश शेवाळ धरणं, ही सगळी पाणी न फिरण्याची लक्षणं आहेत.

वाघोलीचं_पाणी | शनिवार, दुपारी २:१०

ताई, मोजलं. १५ लिटरला १०८ सेकंद. म्हणजे ताशी ५००! मग कुतूहल म्हणून चारही ट्रे रिकामे करून तोच डबा लावला, तर ५२ सेकंद. ताशी हजाराच्या थोडं वर. निम्म्याहून जास्त पाणी मीडियाच अडवत होता. खालचा पांढरा पॅड हातात घेतला तर चिखलाच्या पोळीसारखा झाला होता.

पाणकणीस | शनिवार, दुपारी ३:०५

तुमच्या फिल्टरमध्ये पाणी एका कोपऱ्यातून तळाशी उतरतं आणि मग ट्रेंमधून वर चढतं. म्हणजे सगळा कचरा आधी सगळ्यात खालच्या ट्रेला भेटतो. तिथे बारीक पॅड ठेवणं म्हणजे चहाच्या गाळणीने उसाचा रस गाळणं. पहिल्या आठवड्यातच तोंड बंद.

खाली जाड भोकांचा स्पंज हवा. दुकानात पीपीआय विचारा. एका इंचात किती भोकं येतात त्याचा तो आकडा. खालच्या ट्रेला १० किंवा २०, त्यावरच्या ट्रेला ३०. स्पंज ट्रेच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठाच कापा, म्हणजे कडेने फट राहत नाही. पाण्याला फट दिसली की ते स्पंजात शिरत नाही, कडेकडेने निघून जातं. खूप जणांचे फिल्टर स्वच्छ दिसतात, त्याचं कारण हेच असतं.

त्यानंतर बायो मीडिया, सव्वा ते दीड ट्रे पुरे. त्यावर वाटलं तर फ्लॉसचा (कापसासारख्या बारीक गाळणीचा) पातळ थर. बायो बॉल काढून टाका. ते ट्रिकल फिल्टरसाठी बनवलेले असतात, जिथे पाणी हवेतून ठिबकत जातं. पाण्यात बुडालेल्या डब्यात ते फक्त जागा अडवतात.

आता मूळ मुद्दा. ज्या टँकात झाडं नाहीत तिथे अमोनियाची विल्हेवाट पूर्णपणे जिवाणूंवर असते: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. झाडं भरभरून वाढणाऱ्या टँकात हा अमोनिया झाडं स्वतःच खातात. बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम सोपं पडतं, कारण नायट्रेट घेतलं तर ते आधी अमोनियममध्ये बदलायला वनस्पतीला ऊर्जा खर्च करावी लागते. शिवाय तुमच्या सॉइलवर, लाकडावर, प्रत्येक पानावर जिवाणू आहेतच. म्हणून आपल्या कॅनिस्टरची खरी कामं दोन: पाणी फिरवणं आणि कचरा अडवणं. दुकानदार मात्र माशांच्या टँकचाच हिशोब लावतात.

खडकवेडा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

काळ्या दगडाचं मी सांगतो, तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे. तुम्ही म्हणता तो दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही भोकं रिकामी राहिलेली नाहीत. लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपलं आणि आत खनिजं वाढली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट. वाघोलीच्या खाणी तर जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत, निळ्याशार कॅव्हन्साइटमुळे. तुमच्या घराजवळ हे आहे, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

मीडिया म्हणून मात्र त्याचा फायदा थोडा आहे. एक तर ही भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी दगडाच्या आत शिरत नाही, फक्त बाहेरचा पृष्ठभाग उपयोगी पडतो. दुसरं म्हणजे कॅल्साइट. तो सौम्य आम्लात विरघळतो, आणि सीओटूच्या टँकचं पाणी आम्लाकडे झुकलेलंच असतं. त्याने कडकपणा हळूहळू चढत जाईल. फोडलेल्या ताज्या भागावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो तुकडा टँकात नको. व्हिनेगरला कॅल्साइट कधी कधी उशिरा दाद देतो, म्हणून भिंगातून पाहा.

कोकणातल्या कुणी जांभ्याचा विचार करत असाल तर तोही नको. भुगा सुटतो आणि लोहाची लाल माती पंपात जाते. त्यापेक्षा नर्सरीत सक्युलंट आणि बोनसायसाठी प्युमिस (हलका, भोकाभोकांचा ज्वालामुखी दगड) मिळतो तो घ्या. त्याची भोकं आतून बऱ्यापैकी जोडलेली असतात. महागड्या डब्यातले काही नावाजलेले मीडिया हेसुद्धा प्युमिसच आहेत. चाळून बारीक भुकटी काढा आणि धुवा. सुरुवातीला काही खडे तरंगतील, एक-दोन दिवस भिजत ठेवले की बहुतेक बुडतात.

नागपुरी_ऊन | शनिवार, रात्री ९:१५

पाणकणीसताईंशी सहमत, पण माझ्याकडून एक इशारा. मीही असंच वाचून सगळा बायो मीडिया काढला होता, फक्त स्पंज ठेवले. झाडं जोरात होती तोवर काही त्रास नाही. मे महिन्यात आठ दिवस गावी गेलो, इकडे सीओटूचा सिलिंडर संपला, पाणी ३३ अंशांवर गेलं आणि क्रिप्टोकोरिन झाडाची पानं विरघळली. झाडं खायची थांबली, वर सडणाऱ्या पानांचा अमोनिया. परत आलो तेव्हा १ पीपीएम होता आणि ११ टेट्रा गेले होते. अजून ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

झाडं आजारी पडतात तेव्हा जिवाणूच टँक सांभाळतात. त्यामुळे थोडा तरी बायो मीडिया हवाच, अगदी शून्य करू नका.

आणि उन्हाळ्यात डब्यातला गाळ हा मोठा शत्रू. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला जिवाणूंना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. गाळ कुजतो तो वेगळाच. म्हणजे फिल्टर न धुता मार्च ते जून काढणं हे माशांच्या तोंडचा श्वास काढून घेण्यासारखं आहे.

वीज गेली तर आणखी एक. बंद डब्यात पाणी फिरत नाही, आतला ऑक्सिजन संपतो. तास-दोन तासांनी फार बिघडत नाही. पण रात्रभर वीज नसेल तर सकाळी थेट चालू करू नका. डबा उघडून वास घ्या. सडक्या अंड्याचा वास आला तर ते पाणी फेका, मीडिया टँकमधून बादलीत काढलेल्या पाण्यात खळखळून घ्या, मगच लावा. ते काळं पाणी टँकात गेलं तर झिंगे आधी जातात.

पाणकणीस | शनिवार, रात्री १०:००

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणूनच मी दीड ट्रे म्हणते, रिकामा डबा म्हणत नाही. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे, मोठी छाटणी झाल्यावर, झाडं रुसल्यावर, या काळासाठी तो विमा आहे.

म्युनिकचा_नळ | रविवार, पहाटे १:२०

थोडी रिंगांची बाजू मांडतो. पोकळ, गुळगुळीत सिरॅमिक रिंग जर्मन फिल्टरांमध्ये अगदी तळाशी घालतात, त्या जिवाणूंसाठी नसतातच. येणारी धार विखुरते, पाणी सगळ्या तळभर पसरतं आणि पानांचे मोठे तुकडे तिथेच अडकतात. त्यावर जाड निळा पॅड, मग सच्छिद्र मीडिया, शेवटी बारीक पांढरा पॅड. सच्छिद्र, खरखरीत रिंगा वेगळ्या, त्या बायोच्या जागी. दुकानात दोन्हींना 'सिरॅमिक रिंग' म्हणतात, तिथेच घोळ होतो. नखाने खरवडून पाहा, किंवा कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाका. थेंब शोषला गेला तर सच्छिद्र.

इथलं पाणी फार कडक, माझ्या इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) चुन्याचा पांढरा थर चढतो. तुमचं टँकरचं बोअरचं पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी इम्पेलर काढून बघा. पंप दमला की दोष मीडियाला जातो.

दादरची_जलपरी | रविवार, सकाळी ९:३५

आम्हा मुंबईकरांची गोष्ट उलटी. तानसा-भातसाचं पाणी इतकं मृदू की सॉइल घातलं की पीएच सहाच्या खाली जातो. नायट्रिफिकेशनमध्ये क्षारता खर्च होते, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने. केएच (हीच क्षारता मोजणारा आकडा) शून्याजवळ गेलं की जिवाणू मंदावतात, मग कितीही महागडा मीडिया भरा. सुदैवाने कमी पीएचला अमोनिया जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो. तो माशांना तितका विषारी नाही आणि झाडं तो खातात. मी दीड वर्षं फक्त स्पंज आणि एक ट्रे प्युमिसवर टँक चालवते आहे. झाडं दाट आहेत म्हणून जमतं.

आणखी एक विनंती, फॉस्फेट किंवा नायट्रेट काढणारा मीडिया कुणी देत असेल तर घेऊ नका. आपण एका हाताने पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम फॉस्फेट मोजून घालतो आणि दुसऱ्या हाताने डब्यात ते पकडायचं, यात झाडं उपाशी राहतात.

वाघोलीचं_पाणी | रविवार, सकाळी ११:००

खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. कार्बनचं काय करू? आणि लाकडामुळे पाणी अजून चहासारखं पिवळं आहे, बायकोला ते आवडत नाही.

पाणकणीस | रविवार, दुपारी १२:२०

कार्बन साडेतीन महिन्यांचा आहे ना? त्याची शोषण्याची ताकद काही आठवड्यांतच संपते. आता तो फक्त काळा खडा आहे, फेका. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला, किंवा नव्या टँकच्या पहिल्या काही आठवड्यांत कार्बनचा खरा उपयोग. प्लांटेड टँकचे नावाजलेले जपानी कलाकार ताकाशी अमानो, त्यांच्या पद्धतीतही टँक नवा असताना कार्बन वापरतात आणि पाणी स्थिरावलं की फिल्टर बायो मीडियाकडे वळवतात. कायमचा भाडेकरू म्हणून तो नको.

पिवळेपणासाठी प्युरिजेन (पाण्यातला रंग शोषणारे कृत्रिम दाणे) चांगलं. १०० मिलिलिटरची पिशवी तुमच्या टँकला पुरून उरेल. सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये, फ्लॉसच्या नंतर ठेवा, नाहीतर कचऱ्याने पिशवी बंद होते. गडद तपकिरी झाली की ब्लीच आणि पाणी समप्रमाणात करून २४ तास बुडवायची, मग भरपूर धुवायची, मग अँटीक्लोरच्या (क्लोरीन मारणाऱ्या द्रावणाच्या) पाण्यात ठेवायची. वास नाकाला जराही लागला तर परत अँटीक्लोर. तुमच्याकडे झिंगे आहेत, इथे घाई चालणार नाही. ब्लीच बिनसुगंधी घ्या आणि त्याच्यासोबत व्हिनेगर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

दोनफुटी_तलाव | रविवार, दुपारी ४:४५

फ्लॉस महाग पडतो त्यांच्यासाठी: गादीवाल्याकडे उशीत भरायचा पॉलिएस्टर कापूस किलोवर मिळतो, तोच वापरा. फक्त खरा कापूस नको, तो पाण्यात कुजतो. एक धागा जाळून पाहा. पॉलिएस्टर वितळून गोळी होतो, कापसाची राख होते. सुवासिक किंवा कसलीही प्रक्रिया केलेला नको. आणि दाबून भरू नका. मी सुरुवातीला मूठ मूठ कोंबायचो आणि चार दिवसांत धार जायची.

बायो मीडियालाही स्वस्त पर्याय आहे. भांडी घासायची प्लास्टिकच्या जाळीची घासणी, साबण नसलेली, तारेची नव्हे. एका ट्रेमध्ये दहा-बारा बसतात, पाणी अडत नाही आणि धुवायला सोपी.

नवखा_मासा | रविवार, संध्याकाळी ७:१०

पण दुकानातल्या डब्यावर लिटरमागे शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग लिहिलेला असतो. घासणीत तेवढा कुठून येणार?

खडकवेडा | रविवार, रात्री ८:००

तो आकडा प्रयोगशाळेत मोजलेला असू शकतो, पण तो सगळा पृष्ठभाग जिवाणूंच्या कामाचा नसतो. जिवाणूच मुळात एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचा. त्याहून बारीक छिद्रात तो शिरणार कसा? जी छिद्रं थोडी मोठी आहेत त्यांच्या तोंडावर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि आत ऑक्सिजन पोचत नाही. वापरात येतो तो बाहेरचा आणि वरवरच्या खोल भेगांचा भाग. सच्छिद्र दगड घासणीपेक्षा सरस असेल, पण डब्यावरच्या आकड्याइतका नाही. आणि २० निऑन टेट्रांना लागणारा पृष्ठभाग कोणत्याही मीडियात मिळतो.

नागपुरी_ऊन | रविवार, रात्री ८:४०

वाघोलीकर, बदल करताना एक काळजी. जुन्या रिंगा एका दिवसात फेकू नका. एक ट्रे रिंगा तशाच राहू द्या, दुसऱ्यात प्युमिस घाला, महिन्याने ठरवा. आणि धुताना नळ नको, क्लोरीन आहे. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळा, बस. ज्या दिवशी बायो मीडिया धुवाल त्या दिवशी स्पंज धुऊ नका.

वाघोलीचं_पाणी | सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:३०

उशिरा लिहितोय, पण हिशोब द्यायचा होता. आता असं भरलंय: तळाला २० पीपीआयचा स्पंज, वर ३० चा, तिसऱ्या ट्रेमध्ये नर्सरीतला प्युमिस आणि जुन्या सच्छिद्र रिंगा निम्म्या-निम्म्या. चौथ्यात बोटभर जाडीचा पॉलिएस्टर कापूस, त्यावर प्युरिजेनची पिशवी, बाकी ट्रे रिकामा. इनटेकवर झिंग्यांसाठी स्पंजची टोपी. जुन्या रिंगांवर थेंबाची टेस्ट केली, अर्ध्या गुळगुळीत निघाल्या.

भरल्यावर बादली ६४ सेकंदांत भरली, ताशी ८४० च्या पुढे. काल परत मोजलं, ७१ सेकंद. टोपी दर आठवड्याला पाणी बदलताना पिळतो, खालचा स्पंज दर तीन आठवड्यांनी. स्प्रे बार (आउटलेटची भोकं असलेली नळी) मागच्या भिंतीवरून डाव्या बाजूला आणला, म्हणजे प्रवाह लांबीने जातो. उजव्या कोपऱ्यातली रोटाला आता डोलते. ती हलताना पाहिली तेव्हा मी सकाळचा चहा तिथेच उभ्याने प्यायलो.

काळं शेवाळ असलेली जावा फर्नची पानं कापली. नवीन पानांवर अजून तरी नाही. अमोनिया, नायट्राइट शून्यच. पाण्याचा पिवळेपणा पाच दिवसांत गेला, घरात सगळे खूश.

खडकवेडा सर, खाणीजवळून एक दगड आणला होता. फोडल्यावर आत पांढरे चकचकीत स्फटिक निघाले. व्हिनेगरला बुडबुडे आले नाहीत. मोत्यासारखी झाक आहे, पंख्यासारखे जुडगे आहेत. टँकात घातला नाही, मुलीने अभ्यासाच्या टेबलावर ठेवलाय.

खडकवेडा | रविवार, सकाळी ९:१०

वर्णनावरून स्टिल्बाइट वाटतो. उजेडात फोटो काढून टाका, खाली सेंटिमीटरची पट्टी ठेवून. मुलीला सांगा, पाण्याने धुतला तरी चालेल, पण ब्रशने घासू नकोस.

नवखा_मासा | रविवार, सकाळी ९:५०

पाणकणीसताई, माझा दोन फुटी आहे, ६५ लिटर, हँग ऑन फिल्टर (काठाला टांगलेला, धबधब्यासारखं पाणी सोडणारा). त्यालाही हेच लागू का?

पाणकणीस | रविवार, सकाळी १०:१५

लागू आहे, फक्त त्यात पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते आधी बघा. आत सध्या काय काय भरलंय त्याचा फोटो टाका. बादली आउटलेटला लावता येणार नाही, म्हणून झाकण काढून धबधब्याची रुंदी सांगा आणि मागच्या महिन्यापेक्षा ती कमी झाली का तेही.